गिअर पडला नाही तो शनिवार

मी तापट आहे, खोटं कशाला बोलू. गॅरेजमध्ये माझा आवाज चढला की बाकीचे आपापलं काम घेऊन लांब जाऊन बसतात, आणि माझं लग्न का टिकलं नाही हे आमच्या सातपाटीत कोणालाही विचारा, तो उभ्या उभ्या सांगेल. मी मात्र वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो की माझ्या जिभेला हाड नसलं तरी मनात काही नसतं. सगळे तापट लोक हेच म्हणत असावेत.

बोईसरला एमआयडीसीच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये मी एकवीस वर्षं गिअरबॉक्स खोलतोय. क्लच, गिअर, एक्सल, एवढंच माझं काम. इंजिनाला मी हात लावत नाही, पण गिअरचं काम असलं की पार डहाणूपासून लोक माझं नाव काढत येतात. याची मला घमेंड होती. ती घमेंडच त्या शनिवारी नडली.

आईच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. पालघरात नंबर लागला नाही, म्हणून बोईसरला जावं लागायचं, अकरा वाजता. तिथे मशीन मोजकीच. अकराला आपण बसलो नाही तर दुसरा पेशंट बसतो, कारण त्याचाही जीव असतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की एक वार चुकला तरी अंगात पाणी साचतं, आणि ते छातीत चढलं तर धावपळ होते. त्यातून शनिवारचा वार चुकला तर मध्ये रविवार येतो आणि पाळी एकदम मंगळवारी. तेव्हा काही झालं तरी शनिवार चुकवायचा नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं.

सुरुवातीचे काही महिने तिला रिक्षाने नेलं. येताना खड्ड्यांनी सुया टोचलेल्या जागेतून रक्त यायचं आणि पदर भिजायचा. मग मी एक जुनी डिझेल गाडी घेतली, स्वतः दुरुस्त करून उभी केली. त्या तीन दिवशी मी आईला सोडून कामावर जायचो आणि तीन वाजता परत आणायला जायचो.

बाबा तांडेल होता, म्हणजे बोटीचा कप्तान. दर्यात त्याच्या शब्दापुढे कोणी बोलत नसे. खलाशी मिळेनात आणि गुडघेही कुरकुरायला लागले, तेव्हा बोट विकली. तेव्हापासून तो अंगणात बसून असायचा. पण गाडी आली आणि त्याला काम मिळालं. बोट दर्यात जायच्या आदल्या दिवशी तांडेल तिच्याभोवती फिरतो. डिझेल बघतो, पाणी बघतो, इंजिनाचं तेल, गिअरचं तेल बघतो, आणि जे कमी असेल ते तिथल्या तिथे वरपर्यंत भरतो, कारण पुढे पाण्यात कोणी आणून देणार नसतं. बाबा तेच गाडीचं करायचा. आईच्या वाराच्या आदल्या दिवशी गोड्या पाण्याने गाडीवरचा खार धुवायचा, काचा पुसायचा, बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी टाकायचा. मी कामावरून आलो की म्हणायचो, "काय बाबा, नांगर टाकलास का गाडीला?" तो हसायचा. बोट गेल्यावर तो तेवढाच हसायचा.

शुक्रवारी मी गाडी कामावर नेली होती. येताना क्लच थोडा जड वाटला. पेडल दाबलं की सावकाश वर यायचं, अंगात ताप असल्यासारखं. दुसऱ्याची गाडी असती तर तिथेच थांबवून बघितलं असतं. स्वतःची होती, म्हणून घरी आलो आणि जेवून झोपलो.

शनिवारी साडेआठला आई तयार होऊन दारात खुर्चीवर बसली. मांडीवर फाईल, शाल आणि बिस्किटाचा पुडा. मी गाडी चालू केली, क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेलो तर गिअर पडेचना. नुसता करकर आवाज. रिव्हर्स टाकून बघितला, तोही नाही. गाडी बंद केली की सगळे गिअर मुकाट पडायचे. चालू केली की एकही नाही. याचा अर्थ कोणत्याही गिअरवाल्याला कळतो. क्लच सुटत नव्हता. पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे व्हायला पाहिजेत, ते होत नव्हते.

आता असं झालं तर पहिल्यांदा बघतात ती बॉनेटखालची प्लास्टिकची छोटी बाटली. तिच्यातल्या ब्रेक ऑइलच्या जोरावरच क्लच सुटतो. ते कमी असलं तर कुठेतरी गळती आहे. मी बॉनेट उघडून बघितलं. बाटली जुनी, पिवळी पडलेली. आतला रंग काही दिसत नव्हता, पण लेव्हल रेषेला टेकली होती. फुल्ल. म्हणजे तिथे दोष नाही.

बाबा मागे येऊन उभा होता. म्हणाला, "तेल बगितलास काय?"

"फुल्ल हाय."

"तसं नाय, उगडून..."

"बाबा, ही बोट नाय. गिअरचं काम मला नको शिकवू."

तो मागे सरून आईच्या खुर्चीपाशी गेला.

आणि दुसरी एक गोष्ट होती जी मी कोणाला सांगितली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी या गाडीचा क्लच मीच केला होता, आणि त्यात गॅरेजमध्ये पडलेली वापरलेली प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच दाबून धरणारी चकती, बसवली होती. घरचीच गाडी, चालेल, म्हणून. त्यामुळे त्या सकाळी माझ्या डोक्यात एकच बसलं की तीच तुटली. लोकांच्या गाडीत मी असला उद्योग कधी केला नसता. आईच्या गाडीत केला आणि आता ते बाहेर यायच्या आत मला निस्तरायचं होतं.

आमच्या शेजारी एक रिक्षावाला राहतो. तो स्टँडवर निघाला होता, आवाज ऐकून थांबला. म्हणाला, "काकीला मी सोडतो ना बोईसरला, सावकाश नेतो."

मी म्हटलं, "तू जा. मी काढतो दीड तासात."

अंगणात गिअरबॉक्स दीड तासात कोणी काढून परत बसवत नाही. मला माहीत होतं. पण आठ-दहा माणसं जमली होती, बोईसरचा गिअरवाला म्हणून माझ्याकडे बघत होती, आणि त्यांच्यासमोर माझी आई दुसऱ्याच्या रिक्षात बसून जाणार हे मला सहन होईना. रिक्षा गेली.

गाडी विटांवर चढवली. खाली पत्रा अंथरून शिरलो. गिअरबॉक्स उतरवायला गॅरेजमध्ये जॅक असतो, इथे काही नव्हतं. बाबाने न सांगता बोंबील सुकवायच्या वलांडीचे दोन वासे काढून आणले, आडवे टाकले आणि बोटीच्या दोराने गिअरबॉक्स त्याला बांधला. त्याने गाठ अशी मारली की दोर थोडा सोडला की धूड बोटभर खाली यायचं आणि थांबायचं. एवढं सुरेख मी जॅकनेही उतरवलं नसतं. मला ते सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही.

साडेदहाला आई दारातून म्हणाली, "रिक्षा बगतोस काय रे?"

"झालंच, आई."

बाबा दोर धरून उभा होता. म्हणाला, "मी जातो स्टँडवर. घेऊन येतो रिक्षा."

"आधी ते धर. सुटलं तर माझ्या छातीवर पडेल."

त्याने धरलं. थोड्या वेळाने परत म्हणाला, "एक बोलू का? ते तेल..."

गाडीखालून मी असा ओरडलो की रस्त्यावरून टोपली घेऊन चाललेली बाई थांबली. काय बोललो ते नीट आठवत नाही. बोट बुडवून आता घरात बसलायस तर निदान गप बस, असलं काहीतरी. बोट त्याने बुडवली नव्हती, विकली होती. माझ्या शिक्षणाला, माझ्या लग्नाला त्याच बोटीने हातभार लावला होता. तोंडातून गेलं ते गेलं. त्यानंतर बाबाने तेलाचा विषय काढला नाही. पाना मागितला तर पाना द्यायचा.

अकरा वाजले. सेंटरला फोन केला. सिस्टर चांगली होती, म्हणाली साडेबारापर्यंत थांबते. तेव्हाही रिक्षा आणली असती तर जमलं असतं. पण गिअरबॉक्स अर्धवट दोरावर लटकत होता, माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि मला ती तुटलेली प्लेट डोळ्यांनी बघायची होती. साडेबारानंतर सिस्टरचाच फोन आला. म्हणाली, "आता मंगळवारी आणा. मध्ये दम लागला तर वाट बघू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या." आईने फाईल आत नेऊन ठेवली आणि शाल घडी घालून ठेवली. 

दोनच्या सुमाराला क्लच हातात आला. प्लेट चांगली होती. प्रेशर प्लेट चांगली होती, बेअरिंग चांगलं होतं, सगळं चांगलं होतं. तेवढी निराशा मला चांगली वस्तू बघून कधी झाली नसेल. पत्र्यावर तसाच बसून राहिलो. मग गॅरेजच्या मालकाला फोन लावला. तो उत्तर प्रदेशचा, माझ्याहून जुना मिस्त्री. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ढक्कन खोला क्या?"

"लेव्हल फुल है, सेठ."

"लेव्हल नहीं पूछा मैंने."

मी उठून ढक्कन उघडलं. ढक्कनातलं रबर भिजवलेल्या चण्यासारखं फुगलं होतं. आत बोट घातलं, काळपट, चिकट. नाकाशी नेलं आणि लहानपणापासून ओळखीचा वास आला. बोटीच्या इंजिनाचं तेल. आमच्या मागच्या पडवीत त्याचा अर्धा कॅन बोट विकल्यापासून पडून होता.

न कळणाऱ्याला सांगतो. त्या बाटलीत दुसरं कुठलंही तेल चालत नाही. इंजिनाचं तेल पडलं की आतली सगळी रबरं फुगतात, अडकतात आणि पेडल दाबून क्लचपर्यंत जोर पोचत नाही. बोटीत असली भानगड नसते. तिथे लेव्हल खाली दिसली की तेल ओतायचं, आयुष्यभर त्याने तेच केलं होतं आणि कधी चुकलं नव्हतं. शुक्रवारी गाडी कामावर जाणार म्हणून त्याने गुरुवारी संध्याकाळीच बॉनेट उघडलं, तेव्हा बाटलीत बोटभर कमी दिसलं. त्याने भरलं. रेषेपर्यंत, एक थेंब कमी नाही की जास्त नाही.

हे सगळं मला आत्ता दिसतं. तेव्हा दिसलं ते एवढंच की दिवस गेला, आईचा वार गेला, आणि कारण माझ्यासमोर दोर गुंडाळत उभं आहे.

"तू घातलंस?"

"कमी होता म्हून घातला."

त्या बाटलीतूनच ब्रेकही चालतात. मी ते बोटाने दाखवलं, बाबाला आणि जमलेल्या सगळ्यांना. म्हटलं, "गिअर पडला असता तर उतारावर ब्रेक लागले नसते. आज आईला तू मारली असतीस." हे मी अंगणात म्हणालो, भर दुपारी, लोकांसमोर. बाबाने दोराची गुंडाळी खाली ठेवली, लुंगीला हात पुसले आणि खाली बघत राहिला.

आई दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, "मी सांगितला त्याला घालायला."

आईला बॉनेट कुठून उघडतं हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तू मध्ये पडू नको." लोक एकेक करून निघून गेले.

संध्याकाळी मोटरसायकलवर पालघरला जाऊन रबरांचे सगळे किट आणले, क्लचचे आणि चारी चाकांच्या ब्रेकचेही. रविवारी सकाळपासून एकटाच बसलो. बाटली धुतली, पाइप उलटे करून फुंकले, फुगलेली रबरं काढून फेकली. गिअरबॉक्स चढवायला बाबा आला, दोर लावला, वर ओढला, मी बोल्ट आवळल्यावर निघून गेला. मी त्याला सॉरी म्हणायचं ठरवत होतो. आमच्या घरात तो शब्द कोणी वापरत नाही. चहा झाल्यावर काहीतरी बोलू, असं म्हणत दुपार गेली.

आई शनिवारी संध्याकाळपासूनच आडवी होत नव्हती. भिंतीला टेकून बसायची. पायावर अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. बाबा तिच्या पायाशी बसून होता. घोटभर पाणीही मोजून द्यायचं, आणि ती दर थोड्या वेळाने ओठांवरून जीभ फिरवत होती.

चारच्या सुमाराला मी गाडी चालू केली, क्लच दाबला आणि गिअर पडला. एका बोटाने. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे. एवढ्यात आतून बाबाने हाक मारली. आईला श्वास घेता येत नव्हता. तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते आणि घशातून पाण्याचा आवाज येत होता. मी किल्लीसाठी धावलो आणि मग आठवलं की मागच्या दोन चाकांच्या ब्रेकमधली हवा अजून काढायची होती. गिअर पडत होता आणि गाडी थांबली नसती. मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. बाबा थांबला नाही. मला विचारायलाही थांबला नाही. गुडघे दुखणारा तो माणूस अनवाणी धावत स्टँडवर गेला आणि शेजाऱ्याची रिक्षा घेऊन आला.

पालघरच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. कोणाला कोणाला सांगून सोमवारी सकाळी तिथल्याच मशीनवर तिची सोय झाली. चार तासांनी तिचा श्वास खाली बसला. चेहरा उतरला होता, पण डोळे उघडून तिने पंखा कमी करायला सांगितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो. बाबा बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर होता. रविवारपासून तो आत यायचा तो मी बाहेर गेलो की. मी आईला म्हटलं, "बाबाने शनिवारी सकाळीच सांगितलं असतं तर हे झालं नसतं. दहा मिनिटांत कळलं असतं. मग मीच रिक्षा आणली असती."

ती म्हणाली, "सांगत होता ना. दोनदा बोलला तुला."

"नीट सांगायचं. तेल मी घातलं, असं सांगायचं."

आईने दाराकडे बघितलं, बाबा बाहेरच होता. मग म्हणाली, "मला सांगितला त्याने. सकाली तू पयल्यांदा वरडलास, तवाच माज्याजवल येऊन सांगितला. बोलला, माज्या हातून चूक झालीय बहुतेक, मी जाऊन सांगतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तू तिथे खुर्चीत बसून होतीस? आई, तुझा जीव जात होता."

"मीच त्याला बोलली, नको सांगू. गप रवा तुमी. माजा काय, आज नाय तर मंगलवारी मशिन मिलल." ती दम घ्यायला थांबली. "तू लोकांसमोर बोललास की तो जेवत नाय रे. बोट इकली तवा तू बोललास, तर चार दिस जेवला नवता. तुला कोण सांगणार? तुला सांगून काय फायदा हाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने ते पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मला एकदम कळलं की हे फक्त या शनिवारचं नव्हतं. माझ्या घरात किती दिवसांपासून, किती गोष्टी दोघांनी आपसात ठरवून माझ्यापासून झाकल्या असतील, मी चिडेन म्हणून. आणि मी समजत होतो की मी त्यांना सांभाळतोय.

मी उठून व्हरांड्यात गेलो. बाबा बाकाच्या टोकाला बसला होता, पायात चपला नव्हत्या, रविवारपासून नव्हत्याच. त्याला काय म्हणायचं ते मी दारातून बाहेर येईपर्यंत मनात जुळवलं होतं. मी दिसलो आणि तो बाकावरून उठून उभा राहिला, साहेब आल्यावर उभं राहतात तसा, हात जवळ घेऊन.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो, तरी तो उभाच होता.